एका अभ्यासावर विसंबू नका: उपचाराबद्दलचा संशोधन-आढावा कसा शोधावा आणि कसा वाचावा

एखादं औषध गुणकारी ठरल्याची बातमी आज येते आणि महिन्याभरात तेच औषध कुचकामी असल्याची दुसरी बातमी येते. वाचणारा गोंधळतो. खरं तर बहुतेक वेळा दोन्ही बातम्यांच्या मागे खरोखरच झालेला अभ्यास असतो. फक्त प्रत्येक अभ्यासात रुग्ण थोडे असतात, आणि रुग्ण थोडे असले की योगायोगाचा वाटा मोठा होतो. म्हणून एका प्रश्नावर आजवर झालेले सगळे अभ्यास शोधायचे, पारखायचे आणि एकत्र मांडायचे, अशी एक शिस्तबद्ध रीत आहे. तिला सिस्टिमॅटिक रिव्ह्यू म्हणतात. इथे मी तिला पद्धतशीर आढावा म्हणेन.

हे काम वेळेवर झालं नाही तर काय होतं, याचं एक उदाहरण माझ्या मनातून जात नाही. तान्ह्या बाळाला पालथं झोपवावं, असा सल्ला पाश्चात्त्य देशांत जवळपास अर्धं शतक दिला गेला. २००५ मध्ये संशोधकांनी जुने अभ्यास एकत्र करून पाहिले. पालथं झोपवणं धोक्याचं आहे, हे १९७० पर्यंत हाती असलेल्या माहितीवरूनच कळू शकलं असतं, असं त्यांना दिसलं. आढावा तेव्हाच झाला असता तर ब्रिटनमध्ये १० हजारांहून जास्त, आणि युरोप, अमेरिका व ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड मिळून किमान ५० हजार बाळं वाचू शकली असती, असा त्यांचा अंदाज आहे. सल्ला देणारे डॉक्टर आणि तो पाळणारे आईवडील, दोघांनीही बाळाचं भलंच चिंतलं होतं. त्यांच्यासमोर फक्त सगळी माहिती एकत्र आलेली नव्हती. आढावा वाचता येणं हे केवळ तज्ज्ञांचं काम आहे असं मला वाटत नाही, ते यामुळेच.

आधी प्रश्न नेमका लिहून काढा

‘गुडघेदुखीवर काय चांगलं?’ या प्रश्नाला उत्तर मिळत नाही. ‘साठीच्या पुढच्या, गुडघ्याची झीज झालेल्या माणसाने नियमित व्यायाम केला, तर व्यायाम न करणाऱ्याच्या तुलनेत सहा महिन्यांनी दुखणं कमी होतं का?’ या प्रश्नाला मिळतं. रुग्ण कोण, उपचार कोणता, तुलना कशाशी आणि अपेक्षित फायदा कोणता, या चारही गोष्टी प्रश्नात यायला हव्यात.

सगळ्यात जास्त विचार चौथ्या गोष्टीवर करा. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांच्या ठोक्यांतली अनियमितता काही औषधांनी कमी होत होती, म्हणून ती दिली जात. पण १९८९ मध्ये एका मोठ्या चाचणीत एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड घेणाऱ्यांत मृत्यू जास्त आढळले. ईसीजी सुधारला होता, माणसं मात्र दगावत होती. तेव्हा रिपोर्टमधला आकडा सुधारेल का, यापेक्षा माणूस जास्त जगेल का, त्याचं दुखणं कमी होईल का, त्याला चालता येईल का, हे प्रश्नात लिहा.

आढावा शोधा

सुरुवात कॉक्रेन लायब्ररीपासून करा. ब्रिटिश डॉक्टर आर्ची कॉक्रेन यांनी १९७९ मध्ये वैद्यकीय व्यवसायावर टीका केली होती, की आपापल्या शाखेतल्या सर्व चाचण्यांचा पारखून केलेला आणि वेळोवेळी ताजा ठेवलेला गोषवारा आपण तयारच केलेला नाही. त्यांच्या नावाने १९९३ मध्ये उभी राहिलेली संस्था नेमकं हेच काम करते. तिच्या आढाव्यांना सोप्या भाषेतला सारांश जोडलेला असतो. आधी तो वाचा.

तिथे काही मिळालं नाही तर पबमेड या वैद्यकीय लेखांच्या ऑनलाइन डेटाबेसवर जा. शोध इंग्रजीत करावा लागतो. औषधाच्या कंपनीचं नाव न घालता मूळ औषधाचं नाव घाला आणि बाजूच्या गाळणीत ‘सिस्टिमॅटिक रिव्ह्यू’ हा पर्याय निवडा. नुसता ‘रिव्ह्यू’ असेल तर सावध राहा. त्यात लेखकाने स्वतःला पटलेले अभ्यास निवडून मांडलेले असू शकतात.

आढावा हाती आला की छापल्याची तारीख बाजूला ठेवा आणि अभ्यास शेवटचे कधी शोधले ती तारीख पाहा. या दोहोंत कधीकधी वर्ष-दोन वर्षांचं अंतर असतं.

काय राहून गेलं, ते विचारा

चांगला आढावा कोणकोणते डेटाबेस धुंडाळले, कोणते शब्द वापरले, कोणते अभ्यास वगळले आणि का, हे उघडपणे सांगतो. अभ्यासांची निवड किमान दोघांनी एकमेकांशी न बोलता केलेली असावी. आढाव्याचा आराखडा काम सुरू होण्याआधी प्रॉस्पेरोसारख्या नोंदवहीत नोंदलेला असेल तर उत्तम, कारण मग निकाल पाहून प्रश्न बदलायला जागा राहत नाही. पैसा कोणी दिला, हेही शेवटी लिहिलेलं असतं. तेवढं पाहूनच पुढे जा.

पण खरी अडचण न छापलेल्या अभ्यासांची आहे. अमेरिकेच्या औषध नियामकाकडे नोंदलेले नैराश्यावरच्या औषधांचे ७४ अभ्यास संशोधकांनी २००८ मध्ये तपासले. नियामकाच्या मते ३८ अभ्यासांचा निकाल औषधाच्या बाजूने होता, आणि त्यांतले ३७ छापून आले होते. उरलेल्या ३६ अभ्यासांचा निकाल प्रतिकूल किंवा शंकास्पद होता. त्यांतले २२ छापलेच गेले नाहीत, ११ अशा रीतीने छापले गेले की निकाल अनुकूल वाटावा, आणि जसे होते तसे छापले गेले फक्त ३. फक्त नियतकालिकं चाळणाऱ्याला यातलं काहीच दिसलं नसतं. म्हणून आढावा करणाऱ्यांनी चाचण्यांच्या नोंदवह्या आणि नियामकांची कागदपत्रं पाहिली का, हे जरूर तपासा.

चित्र वाचायला शिका

आढाव्यात एक चित्र हमखास असतं. त्याला फॉरेस्ट प्लॉट म्हणतात. पहिल्यांदा ते पाहून दडपण येतं, पण दहा मिनिटं दिली तर आयुष्यभर उपयोगी पडतं.

मधोमध एक उभी रेषा असते. तिचा अर्थ ‘काही फरक नाही’. प्रत्येक अभ्यासाची एक आडवी रेषा असते. रेषा जितकी लांब, तितकी त्या अभ्यासाच्या निकालात अनिश्चितता जास्त. आडव्या रेषेवरचा चौकोन जितका मोठा, तितकं त्या अभ्यासाचं वजन जास्त. आडवी रेषा उभ्या रेषेला छेदत असेल, तर त्या एका अभ्यासावरून छातीठोकपणे काही सांगता येत नाही. तळाशी पत्त्यांमधल्या चौकटसारखी एक खूण असते, ती म्हणजे सगळ्यांचा मिळून निकाल. डावीकडे फायदा की उजवीकडे, हे चित्राखाली लिहिलेलं असतं. ते वाचल्याशिवाय अर्थ लावू नका.

कॉक्रेनचं बोधचिन्ह म्हणजे असंच एक चित्र आहे. अकाली प्रसूतीची शक्यता असलेल्या स्त्रियांना कॉर्टिकोस्टेरॉइडचा छोटा, स्वस्त कोर्स दिला तर बाळं वाचतात का, यावरच्या सात चाचण्या त्यात आहेत. पहिली चाचणी न्यूझीलंडमधल्या लिगिन्स आणि हॉवी यांची, १९७२ सालची. बहुतेक आडव्या रेषा मधल्या रेषेला छेदून जातात. प्रत्येक डॉक्टरने आपापल्या टेबलावर यांतला एकेक अभ्यास वाचला असता, तर ‘अजून पक्कं नाही’ असंच म्हटलं असतं. पण तळाची चौकट उभ्या रेषेला न शिवता स्पष्टपणे फायद्याच्या बाजूला आहे. अपुऱ्या वाढीमुळे होणाऱ्या गुंतागुंतीने बाळ दगावण्याची शक्यता या उपचाराने ३० ते ५० टक्क्यांनी घटते. तरीही १९८९ पर्यंत पद्धतशीर आढावा छापला न गेल्यामुळे बहुतेक प्रसूतितज्ज्ञांना याची कल्पनाच नव्हती. त्या काळात जी बाळं गेली, त्यांतली कितीतरी या चित्राने वाचली असती.

आणखी एक गोष्ट पाहा. आडव्या रेषा चहूकडे विखुरलेल्या असतील, काही ठळकपणे डावीकडे आणि काही उजवीकडे, तर तळाच्या चौकटीवर लगेच विश्वास ठेवू नका. कदाचित वेगवेगळ्या वयाचे रुग्ण किंवा औषधाचे वेगवेगळे डोस एकाच टोपलीत घातले गेले असतील.

टक्केवारीची माणसं करा

‘धोका २५ टक्क्यांनी कमी’ हे ऐकायला मोठं वाटतं. समजा, औषध न घेणाऱ्या १,००० जणांपैकी २० जणांना झटका येतो आणि औषध घेणाऱ्या १,००० जणांपैकी १५ जणांना. घट २५ टक्क्यांचीच आहे, पण फायदा झाला तो हजारांत ५ जणांना. म्हणजे एकाचा झटका टाळायला २०० जणांनी औषध घ्यायचं. ते घ्यावं की नाही, हे दुष्परिणाम किती जणांना होतात यावर ठरेल. तोही आकडा हजारांतलाच मागा.

खात्री किती, तेही वाचा

चांगल्या आढाव्यात प्रत्येक निष्कर्षापुढे पुराव्याची खात्री लिहिलेली असते: उच्च, मध्यम, कमी किंवा अत्यंत कमी. ‘फायद्याचा पुरावा मिळाला नाही’ आणि ‘फायदा होत नाही हे दिसलं’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिल्याचा अर्थ कदाचित एवढाच, की पुरेसे अभ्यास झालेच नाहीत.

डॉक्टरांकडे नेताना

आढाव्याचा सारांश छापून न्या, पण तो आधार म्हणून नव्हे, प्रश्न म्हणून पुढे ठेवा. ‘या अभ्यासांतल्या रुग्णांसारखाच मी आहे का?’ हे विचारा. चाचण्यांमधून अनेकदा फार वयस्कर, गरोदर किंवा तीन-चार आजार असलेले लोक वगळलेले असतात. तुमची किडनी कमजोर असेल, तर तो सरासरी निकाल तुम्हाला लागू होईलच असं नाही. चालू औषध मात्र आढावा वाचून स्वतःहून बंद करू नका.

नवं संशोधन करणार असाल, किंवा त्यात सहभागी होणार असाल

इथे आढावा ही पहिली पायरी आहे. हृदयविकाराच्या झटक्यानंतर रक्ताची गुठळी विरघळवण्यासाठी शिरेतून देण्याच्या स्ट्रेप्टोकायनेजवर १९५९ ते १९८८ दरम्यान ३३ चाचण्या झाल्या. १९९२ मध्ये त्या क्रमाने एकत्र मांडल्या, तेव्हा दिसलं की मृत्यू घटतात हे १९७३ मध्ये, अवघ्या ८ चाचण्या आणि २,४३२ रुग्णांनंतरच स्पष्ट झालेलं होतं. त्यापुढच्या २५ चाचण्यांत आणखी ३४,५४२ रुग्ण घेतले गेले आणि निष्कर्ष जवळपास तोच राहिला. त्यांतल्या कितीतरी जणांना तुलनेसाठी म्हणून हे औषध मिळालं नाही.

उलट बाजूही आहे. डोक्याला मार लागलेल्यांना स्टेरॉइड द्यावं का, यावरचा १९९७ चा आढावा सांगत होता की उपलब्ध अभ्यासांवरून काहीच ठरत नाही. तोवर अनेक ठिकाणी ते दिलं जात होतं. या अनिश्चिततेमुळेच क्रॅश ही मोठी चाचणी उभी राहिली आणि १०,००८ रुग्णांनंतर ती मध्येच थांबवावी लागली. २००४ मध्ये आलेल्या निकालानुसार दोन आठवड्यांत स्टेरॉइड गटातले २१.१ टक्के रुग्ण दगावले आणि दुसऱ्या गटातले १७.९ टक्के. म्हणजे दर हजारी ३२ मृत्यू जास्त. आढाव्याने उत्तर दिलं नव्हतं, पण प्रश्न कुठे उघडा आहे ते नेमकं दाखवलं होतं.

शोध मात्र पुरेसा मागे जायला हवा. २००१ मध्ये अमेरिकेत एका प्रयोगात हेक्सामेथोनियम हुंगल्यानंतर २४ वर्षांची एक निरोगी स्वयंसेविका मरण पावली. या औषधाने फुप्फुसांना इजा होऊ शकते, हे १९५०च्या दशकातल्या लेखांत नोंदलेलं होतं. ते लेख त्या वेळी चाळलेल्या ऑनलाइन डेटाबेसमध्ये नव्हते, कारण त्याची सुरुवातच १९६६ पासून होत होती.

तुमच्यापुढे कोणी संमतिपत्र ठेवलं, तर सही करण्याआधी विचारा: या प्रश्नावरच्या आधीच्या सगळ्या अभ्यासांचा आढावा झाला आहे का, आणि तो मला पाहायला मिळेल का? मिळाला तर पहिलं पान उघडून दोन गोष्टी शोधा: शोध कोणत्या सालापासून सुरू केला आणि कोणत्या तारखेला थांबवला.