चेनसॉ तिरका कापत होता, दोष साखळीत नव्हताच

ओंडका कापताना चेनसॉ दर वेळी एकाच बाजूला वळायचा आणि मध्येच अडकायचा. साखळीला दोनदा धार लावली, ताण बदलला, फरक शून्य. नवी साखळी घालूनही तेच, तेव्हा मात्र डोकं फिरलं.

झिजला होता बार, म्हणजे साखळी जिच्या खाचेतून फिरते ती लांब पट्टी. आधी स्पार्क प्लगची वायर काढली, मग बार सोडवला. खाचेतला तेलकट भुसा खरवडून तेलाचं भोक तारेने मोकळं केलं. गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावल्यावर दिसलं: एक कड दुसरीपेक्षा किंचित खाली. बार व्हाइसमध्ये पकडला, सपाट कानस बरोबर ९० अंशांत धरून दोन्ही कडा समान केल्या, बाहेर आलेली कोर घासून काढली. खाच पुरेशी खोल उरलीय ना, हे जरूर पाहा. साखळीचे खालचे दात तळाला टेकले तर बार बदलावाच लागतो. शेवटी बार उलटा बसवला. काप सरळ. जुनीच साखळी चालली असती!