इंग्रजी साहित्य आणि इतिहास एकत्र घेताय? या चुका टाळा

इंग्रजी मेजर आणि इतिहास मायनर घेतलेल्या सोलापुरातल्या मुलांची तक्रार ठरलेली: वाचन दुप्पट, मार्क तेवढेच. खरं दुखणं वाचनाचं नसतं. एका पेपरची सवय दुसऱ्या पेपरात घुसते, तिथे मार्क जातात.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे कादंबरीला साक्षीदार मानणं. चार्ल्स डिकन्सची ‘हार्ड टाइम्स’ वाचायची आणि ‘१८५४ मध्ये इंग्लंडचे गिरणी कामगार पुढाऱ्यांच्या भाषणांनी पेटत होते’ असं इतिहासाच्या उत्तरात ठोकून द्यायचं. गिरण्यांच्या शहरात वाढलेल्यांना ते चटकन पटतंही. पण त्याच वर्षाच्या सुरुवातीला डिकन्स प्रेस्टन या इंग्लंडमधल्या गिरणी-शहरातला संप पाहायला स्वतः गेला होता. ‘हाउसहोल्ड वर्ड्स’ या आपल्या साप्ताहिकात त्याने त्यावर लेख लिहिला. त्यातले संपकरी शांत आणि शिस्तीचे आहेत. भडकवायला आलेल्या वक्त्याला सभेचा अध्यक्षच आवरतो. काही महिन्यांतच त्याच साप्ताहिकात क्रमशः आलेल्या कादंबरीत मात्र स्लॅकब्रिज हा भडक भाषणं करणारा कामगार पुढारी अख्खी सभा खिशात घालतो. लेखक तोच, मग चित्र का बदललं? कथेला खलनायक हवा होता, की वाचकवर्गाला कामगार संघटनेची धास्ती होती? उत्तर इथून सुरू करा, ते दोन्ही पेपरांत चालेल. लेख आणि कादंबरी दोन्ही नेटवर फुकट मिळतात. गाइडमधला सारांश उतरवायला सबब नाही.

उलटी चूक इंग्रजीच्या पेपरात दिसते. कविता कुठलीही असो, आधी पानभर फ्रेंच राज्यक्रांती. तो परिच्छेद हाताने झाका. उरलेलं उत्तर तसंच उभं राहत असेल, तर तो भरताड होता.

तारखांचा घोळ वेगळाच. मॅकबेथ राजा झाला १०४० मध्ये. शेक्सपिअरने ज्या बखरीचा आधार घेतला ती १५७७ मध्ये पहिल्यांदा छापली गेली, आणि नाटक साधारण १६०६ चं. नाटकावरून अकराव्या शतकातलं स्कॉटलंड कळत नाही. स्कॉटलंडचा जेम्स इंग्लंडच्या गादीवर आल्यावर लंडनच्या रंगभूमीवर काय चालत होतं, ते कळतं. वहीत घटना, लेखन आणि प्रकाशन असे तीन रकाने पाडा.

प्रकल्पाला मात्र लंडन कशाला? १२ मे १९३० ला सोलापुरात मार्शल लॉ लागला, १२ जानेवारी १९३१ ला चार हुतात्म्यांना फाशी झाली. सरकारी कागद, त्या वेळची वर्तमानपत्रं आणि नंतर रचलेली गाणी-पोवाडे शेजारी ठेवून वाचा. पोवाड्यात तपशील चुकला म्हणून तो फेकू नका. लोकांनी काय लक्षात ठेवायचं ठरवलं, याचा पुरावा तोच आहे. फक्त विषय पक्का करण्याआधी दोन्ही विभागांच्या सर-मॅडमना भेटा. संदर्भ द्यायची पद्धत दोघांची वेगळी असली, तर सबमिशनच्या आदल्या रात्री सगळ्या तळटीपा पुन्हा टाइप करत बसावं लागतं.