मखरासाठी क्रेप कागदाचा झेंडू

2018 साली राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली आणि गणपतीच्या आराशीत कागदाची फुलं पुन्हा दिसू लागली. मखराला सगळ्यात शोभतो तो झेंडू. गुलाबापेक्षा तो सोपाही आहे, कारण त्याची एकेक पाकळी वेगळी कापावी लागत नाही.

साधारण 50 सेंमी रुंद आणि 2 मीटर लांब क्रेपच्या एका घडीतून वीस फुलं निघतात. नारिंगी आणि पिवळी अशी एकेक घडी घ्या. शिवाय पांढरा घट्ट गोंद, जाड दोरा, धारदार कात्री आणि दाभण लागेल. घोटीव कागद इथे चालत नाही, तो ताणला जात नाही.

घडी न उलगडताच तिच्या 50 सेंमी बाजूवर दर 5 सेंमीला आडवे काप द्या. प्रत्येकी 2 मीटरच्या दहा पट्ट्या मिळतील, त्या मधोमध कापून एक-एक मीटरच्या करा. आता पट्टी समोर आडवी धरून बघा: सुरकुत्या उभ्या दिसल्या पाहिजेत. सुरुवातीची बहुतेक फुलं इथेच बिघडतात. क्रेप सुरकुत्यांच्या आडव्या दिशेनेच ताणतो. सुरकुत्या आडव्या आल्या, तर पाकळी रुंद व्हायच्या ऐवजी लांब होते आणि मान टाकते.

पट्टीची वरची कड दोन्ही हातांच्या अंगठा-तर्जनीत धरून सेंटिमीटरभर अंतराने हलकेच ताणत जा. झेंडूसारखी लहर येते. खालची कड ताणू नका. वरची लांब आणि खालची आखूड राहिली, की गुंडाळताना फूल आपोआप बाहेर उमलतं. मग पट्टीची चार पदरी सैल घडी घालून वरच्या कडेपासून 1-1 सेंमीवर चिरा द्या, पण खाली दीड सेंमी कोरा ठेवून थांबा. चीर त्याखाली गेली, तर गुंडाळताना पट्टी हमखास फाटते.

गुंडाळण्याचे पहिले दोन-तीन वेढे घट्ट, पुढचे चुण्या घालत सैल. दर दोन वेढ्यांनी फुलाचा बूड टेबलावर ठोकून सपाट करा. ते राहिलं, तर बूड एका बाजूने वर सरकत जातो आणि झेंडूऐवजी आइस्क्रीमचा कोन तयार होतो! गोंद काडीच्या टोकाने, चार-पाच सेंमीवर एक ठिपका, एवढाच. जास्त ओला झाला की क्रेपचा रंग सुटतो, बोटं नारिंगी होतात आणि पिवळ्या फुलावर डाग पडतात. पिवळी फुलं आधी करून घ्या, त्यामागे हेच कारण आहे. शेवटी कोऱ्या भागावर दोऱ्याचे चार वेढे देऊन गाठ मारा आणि पाकळ्या बाहेरून आत एकेक थर मोकळ्या करा. फूल सहा-सात सेंमीचं होतं. पट्टी 60 सेंमीची घेतली, तर मध्यभाग उघडा पडतो.

तोरणाला आंब्याची पानं हवीत. हिरव्या क्रेपची दोन अर्धी पानं तिरपी कापा, दोन्हींच्या सुरकुत्या एकमेकींकडे उलट्या तिरक्या येतील अशी. मधली कड 2-3 मिलिमीटर एकमेकीवर चढवून चिकटवली, की पानाच्या शिरा आपोआप उमटतात. मीटरभर तोरणाला दहा-बारा फुलं पुरतात, मधल्या फटीत पानं लावा. दाभण कोऱ्या बुडातूनच ओवा, पाकळीतून ओवल्यास फूल लोंबतं.

भाद्रपदातल्या दमट हवेत क्रेप मऊ पडतो, म्हणून फुलं आठवडाभर आधी केली असतील तर वर्तमानपत्र घातलेल्या खोक्यात एका थरात ठेवा, एकावर एक रचू नका. आणि समई-निरांजनापासून ही फुलं निदान हातभर लांब असू द्या. आरतीचं तबक फिरतं त्या उंचीवर तर एकही नको.