नेटवर्क सिम्युलेटरचं ग्राफिक्स करताय? या चुका टाळा

टँक सिम्युलेटरचं काम हातात आलं की नवीन पोरं लगेच टेक्श्चर, सावल्या, धूर यांच्या मागे लागतात. डेमोला टाळ्याही पडतात. मग एकत्र सरावासाठी नेटवर्कवरून दुसऱ्या टीमचा सिम्युलेटर जोडला की पितळ उघडं पडतं.

सगळ्यात डोकं फिरवणारी चूक म्हणजे टेरेन, सिम्युलेटरमधली जमीन, न जुळणं. एका ठिकाणी दोन टीमचे सिम्युलेटर जोडले होते, उंचीचा मूळ डेटा एकच म्हणून सगळे निवांत. सरावात एका क्रूने टँक उंचवट्याआड व्यवस्थित लपवला आणि तरी समोरचा त्याला आरामात टिपतोय. क्रू भडकला, इन्स्ट्रक्टर भडकला, मग सगळे नेटवर्कवाल्याच्या मानगुटीवर, लॅग मोज, पॅकेट दाखव. पॅकेट चोख होते हो! समोरच्या इमेज जनरेटरने, म्हणजे पडद्यावरचं चित्र काढणाऱ्या यंत्रणेने, लांबच्या जमिनीचे त्रिकोण कमी करताना तो उंचवटाच खाऊन टाकला होता. म्हणजे याच्या स्क्रीनवर आडोसा, त्याच्या स्क्रीनवर मोकळं मैदान. मी तर आता मॉडेल वगैरे नंतर बघतो, आधी दोन्हीकडे त्याच अक्षांश-रेखांशावर गाड्या उभ्या करून उंची आणि कोण कोणाला दिसतंय ते ताडून बघतो, आणि तोफेच्या पल्ल्यात एलओडीला (लांबच्या गोष्टींचा तपशील कमी करणाऱ्या सोयीला) डोंगरकडा कापू देत नाही. फ्रेमरेट पडला तर झाडं कमी करा, पण तीही दोन्हीकडे सारखीच.

दुसरं, डेड रेकनिंग, म्हणजे दोन पॅकेटच्या मधे गाडी कुठे असेल याचा वेगावरून अंदाज. 1980च्या दशकातल्या सिमनेट या अमेरिकी लष्करी सिम्युलेटर-नेटवर्कपासून ही पद्धत आहे, नंतर डीआयएस या सिम्युलेटर जोडायच्या स्टँडर्डमध्येही आली, तरी लोक पॅकेट आलं की गाडी उचलून थेट तिथे ठेवतात, ती उड्या मारायला लागते, मग म्हणे सेकंदाला 60 पॅकेट पाठवा. अरे, शेकडो गाड्या आल्यावर काय करणार? पाठवणारा अंदाज हाताबाहेर चुकला तरच अपडेट देतो, नाहीतर डीआयएसमध्ये साधारण 5 सेकंदांनी एक हार्टबीट, म्हणजे 'मी अजून आहे' सांगणारं पॅकेट. मधल्या फ्रेममध्ये वेगावरून जागा तुम्हीच काढायची आणि फरक थोड्या फ्रेममध्ये मुरवायचा. फार गुळगुळीत करू नका, कारण गोळा कुठे लागला हे मारणारा ठरवतो आणि नुकसान किती ते मार खाणारा, मारणाऱ्याला गाडी मागेच दिसत राहिली की भांडणं ठरलेली.

डीआयएसमधल्या जागा पृथ्वीच्या केंद्रापासून मोजलेल्या, 64 बिटमध्ये येतात. त्या तशाच 32 बिट फ्लोटमध्ये (कमी अचूक दशांश आकड्यांत) कोंबल्या तर सुमारे 6,378 किमीवर अर्ध्या मीटरच्या पायऱ्या पडतात, सगळं थरथरतं. आधी कॅमेऱ्याची जागा वजा करा, मग फ्लोट करा, उलटं करून उपयोग नाही.

रणगाडा हवेत तरंगतोय? चित्रात तुमच्या जमिनीला चिकटवा, नेटवर्कवरची जागा बदलू नका.

निअर प्लेन (कॅमेऱ्यापासून ज्या अंतरापुढचंच चित्र काढलं जातं ते) सेंटिमीटरवर ठेवून लांबचे रस्ते का लुकलुकतात हे मला विचारू नका.

आणि सरासरी एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) सांगूच नका, 60 हर्ट्झला एका फ्रेमला 16.7 मिलिसेकंद मिळतात, सगळ्या गाड्या धुरासकट एकाच दुर्बिणीत आल्या तेव्हा किती लागले तो आकडा दाखवा.