पोलीस "फोन दे" म्हणाले तर काय करायचं

नाकाबंदीत लायसन्स बघून झालं की हल्ली कधी कधी पुढचं वाक्य येतं, "मोबाईल दाखव", आणि समोर वर्दी बघून आपण एवढे गडबडतो की लॉक उघडूनच फोन हातात देऊन टाकतो. मग नंतर कोर्टात "मी मनापासून दिला नव्हता हो" हे कोण ऐकणार. म्हणून आधी एक गोष्ट डोक्यात फिट करा, फोन देणं वेगळं आणि फोन उघडून देणं वेगळं. आणि दोन्ही वेळेला नुसतं "नाही देणार" म्हणून भागत नाही, "साहेब, लेखी द्या" म्हणावं लागतं. खाली जे लिहिलंय ते बहुतेक या लेखी मागण्याबद्दलच आहे. प्रत्यक्ष केस असेल तर वकील गाठाच, ही पोस्ट वकिलाच्या जागी वापरू नका.

आधी रस्त्यावरचं बघू. वाहतूक पोलिसांना गाडीची कागदपत्रं मागायचा हक्क आहेच, डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधलं लायसन्स आणि आरसी चालतं, पण ते दाखवायला फोन त्यांच्या हातात द्यायची गरज नाही, स्क्रीन त्यांच्याकडे फिरवायची आणि फोन आपल्याच हातात ठेवायचा. अँड्रॉइडमध्ये ॲप पिन करायची सोय असते, ती चालू करून ठेवली तर फोन समोरच्याच्या हातात गेला तरी लॉक टाकल्याशिवाय त्या ॲपच्या बाहेर जाता येत नाही, आयफोनमध्ये हेच गाइडेड ॲक्सेस नावाने आहे. घरी बसून एकदा करून बघा, नाक्यावर सेटिंग शोधत बसलात तर अजून संशय येईल.

गाडीच्या कागदांपलीकडे जाऊन व्हॉट्सॲप चाळायचं, गॅलरी बघायची, असं सरसकट येणाऱ्या जाणाऱ्याच्या बाबतीत करायला परवानगी देणारं कलम नाही. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये हैदराबादचे व्हिडीओ फिरले होते, पोलीस रस्त्यात पोरांना थांबवून त्यांच्या चॅटमध्ये गांजा वगैरे शब्द शोधतायत, त्यावर बराच गदारोळ झाला. सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टस्वामी निकालात प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे असं एकमताने सांगितलंय, त्यावर गदा आणायची तर कायदा पाहिजे, कारण पाहिजे आणि कारणाच्या मानानेच कारवाई पाहिजे. बीएनएसएस म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, १ जुलै २०२४ पासून जुन्या सीआरपीसीच्या (फौजदारी प्रक्रिया संहितेच्या) जागी आली ती, तिच्या कलम १०६ खाली पोलीस वस्तू जप्त करू शकतात, पण ती वस्तू चोरीची असल्याचा किंवा तिचा गुन्ह्याशी संबंध असल्याचा काहीतरी संशय लागतो. "चेहरा बरोबर वाटत नाही" हा काही संशय नव्हे.

तिथे बोलायचं काय? आवाज न चढवता, "साहेब, कागदपत्रं दाखवली, फोन कशासाठी हवाय? गुन्हा दाखल असेल तर नंबर सांगा, जप्त करत असाल तर पंचनामा करा, मी सही करतो." एवढंच. कलमं तोंडावर फेकायची हौस नको, त्याने समोरचा माणूस इरेला पेटतो आणि वेळ आपलाच जातो. आणि फोन ओढून घेतला तर हिसकावून परत घ्यायला जाऊ नका, कारण मग मूळ विषय राहतो बाजूला आणि तुमच्यावर सरकारी कामात अडथळा लागतो. नेमप्लेटवरचं नाव, ठिकाण, वेळ आणि गाडीचा नंबर लक्षात ठेवा आणि पहिली संधी मिळताच लिहून काढा. व्हिडीओ काढायचा का हा प्रश्न बरेच जण विचारतात, तर मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये वर्ध्याच्या एका प्रकरणात सांगितलंय की पोलीस ठाणं हे ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्टमधलं निषिद्ध ठिकाण नाही, म्हणजे तिथे शूटिंग केलं म्हणून तो कायदा लावता येत नाही.

आता बोलावणं आलं असेल तर. "चौकीला येऊन जा, फोन घेऊन ये" असा नुसता कॉल आला की विचारायचं, कोणत्या कलमाखाली, आणि नोटीस कुठे आहे. साक्षीदार म्हणून बोलावत असतील तर बीएनएसएसचं कलम १७९, संशयित म्हणून असेल तर ३५(३), आणि कागद किंवा डिव्हाइस हजर करा म्हणत असतील तर ९४. या आकड्यांवरून आपण नक्की कोण आहोत ते कळतं आणि वकिलाचा पहिला प्रश्न तोच असतो. साक्षीदार म्हणून बोलावताना बाई असेल, १५ च्या खालचा मुलगा असेल किंवा ६० च्या वरचे आजोबा असतील तर त्यांना ठाण्यात बोलवता येत नाही, पोलिसांनी घरी यायचं. कलम ९४ मध्ये आता कम्युनिकेशन डिव्हाइस असा स्पष्ट शब्द आलाय, पण जुन्या कायद्यातल्या याच कलमाबद्दल सुप्रीम कोर्टाने १९६४ मध्येच म्हटलंय की ते आरोपीवर वापरता येत नाही, तेव्हा तुम्ही आरोपी असाल तर हा मुद्दा वकिलाला आठवणीने सांगा. आणि ३५ ची नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवून ती बजावली असं धरता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलंय. व्हिडीओ कॉलवर वर्दी घालून "तुमचा फोन तपासतोय, कॅमेरा बंद करू नका" म्हणणारा तर सरळ भामटा, डिजिटल अरेस्ट नावाचा प्रकार कायद्यातच नाही, फोन कट करून १९३० ला कळवा.

खरी मेख मात्र जप्तीत आहे. गुन्हा दाखल आहे आणि फोनचा त्याच्याशी संबंध दिसतोय तर पोलीस फोन घेऊ शकतात, तिथे अडून बसण्यात अर्थ नाही. तिथे लक्ष पंचनाम्यावर. आपल्याकडे पंचनाम्यात फोनचं वर्णन कसं असतं माहितीये ना, "एक काळ्या रंगाचा मोबाईल जु.वा.किं.अं. ५०००/-" (म्हणजे जुना वापरता, किंमत अंदाजे). असा काळा मोबाईल बाजारात ढिगाने मिळतो! त्यामुळे कंपनी, मॉडेल, दोन्ही आयएमईआय (म्हणजे फोनचे ओळख क्रमांक, स्टार हॅश ०६ हॅश डायल केलं की स्क्रीनवर येतात, आजच घरी एका वहीत लिहून ठेवा), सिम कोणत्या कंपनीची आणि किती, मेमरी कार्ड आहे का, फोन चालू होता का बंद, लॉक होता का, स्क्रीनला तडा आहे का, हे सगळं त्यात आलं पाहिजे. मग फोन तुमच्या समोर पाकिटात घालून सील झाला का, सीलवर पंचांच्या सह्या झाल्या का, तेही बघायचं. नुसता ड्रॉवरमध्ये टाकून "नंतर करतो" म्हणाले तर तेच तुमच्या सहीवर लिहा, "फोन माझ्यासमोर सील केला नाही", खाली तारीख आणि वेळ. सही करायला नकार देण्यापेक्षा सहीच्या वर एक ओळ लिहिणं केव्हाही बरं.

घरझडती असेल तर दोन किंवा जास्त पंच लागतात, ते परिसरातले आणि प्रतिष्ठित असावेत असं कलम १०३ म्हणतं, बाईची अंगझडती बाईनेच घ्यायची, आणि जप्त केलेल्या वस्तूंच्या यादीची प्रत घरच्यांना द्यायची. वॉरंट नसेल तर कलम १८५ खाली अधिकाऱ्याने आधी कारणं लेखी नोंदवायची आणि त्याची प्रत ४८ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटकडे पाठवायची. आणि नवीन कायद्यातली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे कलम १०५, झडती आणि जप्तीचं ऑडिओ व्हिडीओ शूटिंग करायचंच आहे, त्यांच्या मोबाईलवर केलं तरी चालतं. "साहेब, शूटिंग चालू आहे ना?" एवढं विचारायला काही लागत नाही.

हॅश व्हॅल्यू मागा. हॅश म्हणजे फोन किंवा हार्ड डिस्कमधल्या डेटावरून काढलेला एक लांबलचक कोड, आत एक अक्षर जरी बदललं तरी कोड वेगळा येतो, म्हणजे जप्तीच्या दिवशीचा कोड तुमच्याकडे असेल तर नंतर कोणी काही घातलं किंवा काढलं तर पकडता येतं. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर जे सर्टिफिकेट जोडायचं असतं त्याच्या नमुन्यातच हॅशचा रकाना आहे. पण जागेवर हॅश काढायची यंत्रणा ठाण्यात असेलच असं नाही, मग पुन्हा तेच, "हॅश व्हॅल्यू दिली नाही" असं लिहून सही. हे उगाच सांगत नाहीये, भीमा कोरेगाव प्रकरणात आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकन फॉरेन्सिक कंपनीने २०२१ मध्ये रिपोर्ट दिला की एका आरोपीच्या लॅपटॉपमध्ये जप्तीच्या आधीच बाहेरून फाइल्स घुसवल्या होत्या, तपास यंत्रणेने ते मान्य केलेलं नाही, पण डिव्हाइसमध्ये कधी काय होतं यावर एखादी केस किती वर्षं फिरू शकते ते त्यातून दिसतं.

पासवर्ड द्यायचा का? इथे कायदाच अजून एका जागी ठरलेला नाही. घटनेच्या कलम २०(३) प्रमाणे आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही. २०१० च्या सेल्वी निकालात नार्को टेस्ट जबरदस्तीने करता येणार नाही असं ठरलं, पण १९६१ च्या काठी कालू निकालात बोटांचे ठसे घेणं म्हणजे साक्ष नव्हे असंही आहे, म्हणजे फिंगरप्रिंट लॉक हे डोक्यातल्या पिनपेक्षा कच्चं. कर्नाटक हायकोर्ट २०२१ मध्ये पोलिसांच्या बाजूला झुकलं, मात्र आरोपी नाही म्हणाला तर कोर्टातून वॉरंट घ्या म्हणालं, आणि दिल्ली हायकोर्टाने नंतर सांगितलं की आरोपीवर पासवर्डसाठी सक्ती करता येणार नाही. शिवाय आयटी ॲक्टचं कलम ६९ आहे, त्याखाली रीतसर आदेश असताना डेटा उघडून द्यायला मदत केली नाही तर सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण तो आदेश गृह सचिवांच्या पातळीवरून येतो, ठाण्यातल्या पीएसआयच्या तोंडी हुकुमाने नाही. माझं मत विचाराल तर ठाण्यात एकच उत्तर, "वकिलाशी बोलून लेखी कळवतो." अटक असेल तर चौकशीदरम्यान वकिलाला भेटायचा हक्क बीएनएसएसचं कलम ३८ देतं, आणि वकील परवडत नसेल तर १५१०० वर विधी सेवा प्राधिकरणाची मोफत मदत मिळते. बाकी बोट आणि चेहऱ्याचं लॉक पटकन बंद करायचं असेल तर आयफोनवर साइड बटण आणि व्हॉल्यूम बटण एकत्र दाबून धरा, बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये पॉवर मेनूत लॉकडाउन असतं, त्यानंतर पिनशिवाय उघडत नाही.

एक गोष्ट अजिबात करू नका, नोटीस आल्यावर चॅट उडवणं. पुरावा नष्ट करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे आणि मूळ प्रकरणात काही नसलं तरी त्यात अडकाल. आणि "झडती बेकायदेशीर होती म्हणजे केस खल्लास" हे सिनेमातलं डोक्यातून काढा, आपल्याकडे सुप्रीम कोर्टाच्या १९७३ च्या पूरनमल निकालापासून असंच चालत आलंय की झडतीत गडबड असली तरी सापडलेला पुरावा केवळ तेवढ्यावरून बाद होत नाही. मग पंचनाम्याचा एवढा आटापिटा कशाला? तर त्या पुराव्यावर किती विश्वास ठेवायचा हे कोर्ट त्या कागदावरूनच ठरवतं, आणि खोटं काही घुसलं असेल तर तेही तिथूनच उघडं पडतं.

फोन परत मिळवायला मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करायचा, बीएनएसएसच्या कलम ४९७ किंवा ५०३ खाली, कोर्टात याला सुपूर्दनाम्याचा अर्ज म्हणतात. मुद्देमाल ठाण्यात उगाच पडून राहू नये, फोटो आणि पंचनामा करून बॉण्डवर परत द्यावा असं सुप्रीम कोर्टाने २००२ च्या सुंदरभाई देसाई निकालात म्हटलंय, तो निकाल अर्जात टाका. बिल नसेल तर ज्या ऑनलाइन खात्यावरून घेतला तिथून इन्व्हॉइस पुन्हा डाउनलोड होतं. फोन लॅबला गेला असेल तर वेळ लागणार, तेव्हा निदान डेटाची कॉपी तरी द्या अशी वेगळी मागणी त्याच अर्जात करा, आणि सिम जप्त झाली असेल तर बँकेचे ओटीपी अडकतात म्हणून तपास अधिकाऱ्याला लेखी कळवून त्याच नंबरची डुप्लिकेट सिम काढायची परवानगी मागा, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का घ्यायला विसरू नका.