फायाची सात स्पॅनिश लोकगीतं गाताना या चुका टाळा

स्पॅनिश संगीतकार मानुएल दे फायाने १९१४ मध्ये पॅरिसमध्ये सात स्पॅनिश लोकगीतं आवाज आणि पियानोसाठी बांधली. पाश्चात्त्य गायन शिकणाऱ्यांच्या हाती ती लवकर पडतात, कारण गळ्याला फार ताण नाही. गडबड होते ती भलतीकडेच.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे सातही गाणी एकाच तडफेने म्हणणं. स्पेन म्हणजे फ्लेमेन्को, म्हणजे दक्षिणेकडचं आवेशी गाणं-नाच, हे आधी डोक्यातून काढा. 'आस्तुरियाना' हे उत्तरेकडच्या आस्तुरियासचं गाणं. कुणीतरी दुःखात हिरव्या पाइनच्या झाडाला टेकतं आणि त्याला रडताना पाहून झाडही रडू लागतं. इतकीच गोष्ट, आणि ती इतकी थेट आहे की आवाजाला जराशी धार आली तरी मोडते. 'पोलो' हे गाणं मात्र दक्षिणेकडच्या अंदालुसियाचं. तिथे 'आय'ची आर्त हाक हवीच, पण ओरडा नको. त्या हाकेतल्या जागा फायाने स्वरलिपीत लिहून दिल्या आहेत. त्या नेमक्या घेतल्या की आर्तता आपोआप येते.

आपल्याकडच्या गायकांची एक खास अडचण: अंदालुसियन चालीतला कोमल रिषभ कानावर पडला की भैरवी जागी होते आणि गळा मुरक्या घेऊ लागतो. आवरा. लिहिलं आहे तेवढंच गा.

'नाना' ही अंगाई. इथे पियानोचे आघात मात्रेवर न पडता मध्ये पडतात, म्हणून गायक नकळत त्यांच्यामागे ओढला जातो आणि लय सुटते. उपाय सोपा आहे. आधी पियानोशिवाय, हाताने ठेका धरून गा. मग पियानोवादकाला फक्त डावा हात वाजवू द्या. ओळ ठाम बसली की उजवा हात जोडा.

पियानोवादकांनी पेडलवरचा पाय हलका ठेवावा. 'एल पान्यो मोरुनो' या गाण्यात पियानो गिटारचं काम करतो. पेडल दाबून धरलं तर तारा छेडल्यासारखा कोरडा, सुटा नाद हरवतो.

उच्चारांत मराठी माणसाची बाजू मुळातच भक्कम आहे. स्पॅनिश त आणि द आपल्यासारखेच दंत्य. इंग्रजी वळणाने ट-ड केलेत तर हातचं घालवाल. चुकतं ते स्वर जोडताना. 'आस्तुरियाना'त 'आर्रिमेमे आ उन पिनो वेर्दे' ही ओळ लिहिताना लांब दिसते, पण छंदात आठच अक्षरांची आहे: 'मे आ उन' मिळून एकच अक्षर. तिथे शब्द तोडून श्वास घेऊ नका. ओळ आधी गद्यासारखी, न थांबता, दहा वेळा बोला आणि मगच सुरात घ्या.

पट्टी जड वाटली तर गाणं मनाने खाली उतरवू नका, पियानोचे खालचे स्वर गढूळ होतात. वेगवेगळ्या आवाजांसाठी छापील आवृत्त्या मिळतात, त्यातली आपली निवडा.