रोजचं काम ॲडमिन अकाउंटवरून? या चुका टाळा

नागपूरच्या सीताबर्डीतून असेम्बल करून आणलेला पीसी असो की शोरूममधला लॅपटॉप, विंडोज सुरू करताना तयार होणारं पहिलं अकाउंट ॲडमिनिस्ट्रेटरचंच, म्हणजे मशीनवर सगळे अधिकार असलेलं असतं. मग वर्षानुवर्षं अख्खं घर त्यावरच: मुलांचे गेम, वीजबिल, जीएसटी रिटर्न. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच.

कोणताही प्रोग्रॅम ज्याच्या अकाउंटवरून चालतो, त्याचेच अधिकार वापरतो. व्हायरसही त्याला अपवाद नाही. स्टँडर्ड, म्हणजे मर्यादित अधिकारांच्या अकाउंटवरून सुरू झालेल्या व्हायरसला विंडोजच्या सिस्टीम३२ फोल्डरमध्ये लिहिता येत नाही, नवी सर्व्हिस (मागे आपोआप चालणारा प्रोग्रॅम) बसवता येत नाही, घरातल्या दुसऱ्या माणसाच्या फाइल्स सहसा उघडता येत नाहीत. ॲडमिनचे अधिकार मिळाले, की तो आधी अँटीव्हायरसलाच हात घालतो.

म्हणून आधी नवं ॲडमिन अकाउंट काढा, पक्का पासवर्ड द्या, एकदा लॉगिन करून बघा, आणि मगच रोजचं अकाउंट स्टँडर्ड करा. क्रम उलटा केला तर स्वतःच बाहेर अडकाल. फाइल्स, डेस्कटॉप जिथल्या तिथे राहतात. नवा पासवर्ड मात्र घरभर सांगत सुटू नका.

‘या ॲपला बदल करू द्यायचे का?’ असं विचारणारी खिडकी २००७ च्या विस्टापासून आहे. कटकट नको म्हणून ‘यूजर अकाउंट कंट्रोल’च्या सेटिंगमधला तिचा स्लायडर तळाशी ओढून ठेवणारे बरेच आहेत. तो वर न्या. ॲडमिनला तिथे नुसतं ‘येस’ दाबायचं असतं, आणि हात सवयीने दाबतोच. स्टँडर्ड अकाउंटवर ॲडमिनचा पासवर्ड टाकावा लागतो. तेवढ्यात माणूस थांबून विचार करतो.

खरी अडचण दुकानांत येते. इतवारी-गांधीबागेत जुनी बिलिंग सॉफ्टवेअर वापरणारे ‘ॲडमिनशिवाय चालतच नाही भाऊ’ म्हणतात. बहुतेकदा कारण एवढंच असतं, की ते सॉफ्टवेअर आपला डेटा प्रोग्रॅम फाइल्समधल्या स्वतःच्याच फोल्डरमध्ये लिहितं. सेटिंगमधून डेटाची जागा बदलता येत असेल तर ती बदला. नसेल, तर फक्त त्या फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये सिक्युरिटी टॅबवर ‘यूजर्स’ला ‘मॉडिफाय’ची परवानगी द्या. हा उपाय मला फारसा आवडत नाही, कारण तो फोल्डर व्हायरसलाही मोकळा होतो. पण एका सॉफ्टवेअरपायी अख्खी मशीन उघडी टाकण्यापेक्षा बरा.

स्टँडर्ड अकाउंट केलं म्हणून निर्धास्त होऊ नका. तुमचे फोटो, तुमच्या एक्सेल फाइल्स तुम्हाला बदलता येतात, म्हणजे रॅन्समवेअरलाही (फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसला) येतात. त्याला ॲडमिन लागत नाही. मे २०१७ चं वॉनाक्राय हे रॅन्समवेअर तर विंडोजच्या नेटवर्कमधल्या भोकातून थेट सिस्टीमचे अधिकार घेऊनच शिरलं. ते भोक बुजवणारं अपडेट (पॅच) मार्चमध्येच आलं होतं. त्यामुळे अपडेट सुरू ठेवा, आणि बॅकअपची हार्ड डिस्क काम झालं की काढून ठेवा.

व्हायरस शिरलाच, तर आधी नेट काढा आणि तो कोणत्या अकाउंटवरून चालला ते शोधा. स्टँडर्डवरून चालला असेल, तर ॲडमिनमधून लॉगिन करून पूर्ण स्कॅन करा. त्या यूजरचा ॲपडेटा हा लपलेला फोल्डर आणि स्टार्टअपची (विंडोजबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमची) यादी हाताने तपासा. ॲडमिनवरून चालला असेल, तर साफसफाईत वेळ घालवू नका: फॉरमॅट करून विंडोज नव्याने टाका, आणि बँकेचे, ईमेलचे पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदला.